थंडीबाईला पाजलेला काढा

थंडी डोंगरावरून पायी चालत यायची ना, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरात एक वाडी होती. तिथं झुंबरबाई राहायची. तिच्या तीन म्हशी होत्या. चांदी, भोळी आणि मोरी. दिवसभर त्या खालच्या दरीत चरायच्या. सूर्य कलला की झुंबरबाई उंच दगडावर उभी राहून हाक मारायची, "हीऽऽ यो!" की निघाल्या म्हशी घरी. दुसऱ्या कुणाची हाक त्यांना चालायची नाही, बरं का. भारी लाडावलेल्या!

एकदा काय झालं, थंडीबाई खाली उतरली. पांढरे केस, पांढरं लुगडं. वाटेत एखादा आवाज आवडला, की ती तो अलगद काढून पदराच्या गाठीत बांधायची. झुंबरबाईचा आवाज तर तिला फारच आवडला. झालं! दुपारी झुंबरबाईनं तोंड उघडलं, तर नुसती हवा.

आता हो काय करायचं? गोठ्यात रेडकं भुकेनं ओरडताहेत. दरीत वाघ. दिवस मावळायच्या आत हाक गेलीच पाहिजे.

मग ती काढ्याचं सामान मागायला निघाली. तुळस दारात होती, गूळ घरात होता. बाकी काही नव्हतं.

पहिलं घर गंगूआत्याचं. झुंबरबाईनं गळ्याला हात लावून दाखवला. आत्या हसली. "अगं बया! झुंबर आणि गप्प? थांब, जरा कानांना विसावा घेऊ दे!" पण हसता हसता तिनं मातीत पुरलेलं आलं उकरलं आणि चांगला मोठा तुकडा मोडून दिला.

दुसरं घर बाबाजी वाण्याचं. त्यानं बरणी उपडी केली. सातच मिरे उरले होते. "न्या वहिनी, सगळे न्या," तो म्हणाला. "तुमच्या हाकेवर तर मी दुकान बंद करतो."

तिसरं घर यमुनेचं. नवी सून होती ती. माहेरची दालचिनी तिनं पेटीत जपून ठेवली होती. तिनं काही विचारलं नाही. सालीचा तुकडा झुंबरबाईच्या हातावर ठेवला आणि वरून मूठ मिटून दिली.

मग चुलीवर काढा चढला. दोन वाट्या पाण्याची आटून एक वाटी झाली. काय वास सुटला म्हणून सांगू! झुंबरबाई वाटी तोंडाला लावणार, तोच दारात एक म्हातारी. नुसती कुडकुडत होती.

वाडीची रीत अशी, की दारी आलेल्याच्या आधी आपण घोट घ्यायचा नाही. झुंबरबाईनं सूर्याकडं पाहिलं. तो डोंगराला टेकायला आलेला. अर्धा द्यावा, तर म्हातारीचे ओठ निळे पडलेले! मग तिनं पाट मांडला आणि अख्खी वाटी पुढं केली.

म्हातारी घटाघटा प्यायली. गालांवर लाली आली. मिऱ्याचा झणका नाकात गेला आणि आऽऽक छी! एक, दोन, तीन! तिसऱ्या शिंकेला पदराची गाठ सुटली. झुंबरबाईचा आवाज सुर्रकन तिच्या गळ्यात परत!

थंडीबाई ओशाळली. "मला पाहून सगळे दारं लावतात गं. सोबतीला म्हणून आवाज नेते मी. पाट कुणी मांडला नव्हता आजवर."

"मग दर साली या की, आजी! चुलीजवळ बसा, मी आलेच," म्हणत झुंबरबाई दगडाकडं धावली.

"हीऽऽ यो!" चांदी आली. भोळी आली. मोरी काही येईना. आवाज अजून घोगराच होता ना! तेवढ्यात मागून थंडीबाई आली. उरलेल्या चोथ्यावर पाणी घालून तिनं स्वतः काढा उकळून आणला होता. जन्मात पहिल्यांदा चूल फुंकली होती बिचारीनं! झुंबरबाईनं गरम गरम घोट घेतले. गळा मोकळा झाला. मग तिनं अशी हाक दिली, की दरी भरून गेली. आणि खालच्या झाडीतून घंटा वाजली. मोरी!

त्या दिवशी आधी रेडकं पोटभर प्यायली. मग एकेक तांब्या दूध आत्याकडं गेलं, बाबाजीकडं गेलं, यमुनेकडं गेलं. चुलीजवळच्या पाहुणीलाही मिळालं. सगळी सुखानं राहिली.

चला, घोंगडी हनुवटीपर्यंत ओढा. ज्या मातीनं आलं दिलं, ज्या म्हशीनं दूध दिलं, त्यांना मनातल्या मनात नमस्कार करा. केला? आता मिटा डोळे, माझ्या बाळांनो.