तोंड नसलेला साक्षीदार

“आम्हाला असा साक्षीदार आणून द्या, ज्याला तोंडच नाही!” धामणगडचे राजे भुजंगराव गरजले आणि भरला दरबार एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागला.

राजेसाहेब एकदा हट्टाला पेटले की संपलं! चार महिन्यांपूर्वी त्यांनी गावात तंबाखू बंद केली होती. वैद्यबुवा म्हणत, “गावाची प्रकृती सुधारली.” तंबाखूचे व्यापारी नेमाशेठ म्हणत, “काडीचा फरक नाही!” रोजच्या या वादाने राजेसाहेबांचा बोलणाऱ्या माणसांवरचा विश्वासच उडाला. उद्या दुपारपर्यंत बिनतोंडाचा साक्षीदार आला नाही, तर बंदी उठणार होती.

घाटावर ही बातमी ऐकून सगुणा परटिणीने हातातलं धुणं बाजूला ठेवलं. तिचा नवरा गोंदा चिलमीपायी खोकून खोकून अंथरुणाला खिळला होता. बंदी आली आणि दोन महिन्यांत तो पुन्हा तिच्याशेजारी उभा राहून कपडे पिळू लागला. आता दुकान उघडलं की पहिला तोच धावणार, हे ती पक्कं जाणून होती.

“अवं, गाढव काढा,” ती गोंदाला म्हणाली. “दरबारात जायचंय.”

दुसऱ्या दिवशी तिने राजेसाहेबांसमोर मळक्या पंच्यांचा ढीग ओतला. मानकऱ्यांनी नाकाला शेले लावले.

“ह्ये माझं साक्षीदार, सरकार! खोकणाऱ्याच्या उशाला पंचा असतोच. बघा, कफाचं जुनं डाग भट्टीतबी निघालं न्हाईत. पर गेल्या आठ दिसांचा नवा डाग एक तरी दावा!”

राजेसाहेबांनी काठीने पंचे उलटेपालटे केले. सगळे डाग जुने, फिकटलेले!

“हवा पालटली, म्हणून खोकला गेला!” नेमाशेठ ओरडले.

“हवा समद्या घरांवर सारखीच की, शेठजी! मग ह्या एकाच घरात खोकला का ऱ्हायला?” सगुणाने शेवटचं गाठोडं सोडलं. त्यातल्या पंच्यांवर ताजे डाग होते आणि जागोजागी निखाऱ्याच्या ठिणगीने पडलेली भोकं!

राजेसाहेब लालबुंद झाले. “आमचा हुकूम मोडून चोरून ओढतो काय? कोण आहे तो? गाढवावर बसवून धिंड काढा त्याची!”

“गाढव भाईरच बांधलंय, सरकार. पर आधी कोपऱ्यातली बिब्ब्याची खूण बघा. कापडं घरोघर अदलाबदल हू नयेत म्हणून आमी हरएक घराची येगळी खूण घालतो. फुली शेठजींची. दोन ठिपकं वैद्यबुवांचं.”

“आणि ही चंद्रकोर?”

“त्ये मी कशाला सांगू? आपल्याच खांद्यावरच्या उपरण्याचं टोक उलटून बघावं.”

राजेसाहेबांनी टोक उलटलं. चंद्रकोर! मग राजेसाहेब असे खो-खो हसत सुटले की हसता हसता त्यांना खोकल्याची उबळच आली. वैद्यबुवा पाणी घेऊन धावले.

“बंदी कायम!” दम खाऊन राजेसाहेब म्हणाले. “आणि आजपासून वाड्यातसुद्धा! आमचा चांदीचा हुक्का आटवा आणि या बाईला पायांतले तोडे घडवून द्या!”

सगुणाने वाकून मुजरा केला, पण जागची हलली नाही.

“आता काय राहिलं?”

“त्ये गाढव, सरकार... भाईर उन्हात ताटकळतंय.”

राजेसाहेबांनी घाईघाईने दरबारातल्या सोनाराकडे बघितलं. “तोडे दुप्पट वजनाचे कर रे!”