दोन कंपन्यांच्या पट्ट्या

“पण बुवा, दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एका मशीनमध्ये नांदतील कशा?”

प्रद्युम्नच्या तळहातावर रॅमची, म्हणजे संगणकाच्या मेमरीची, एक जुनी पट्टी होती. ती त्यानं नको असलेल्या प्रसादासारखी धरली होती.

मठात येण्याआधी तो शहरात संगणक जुळवून द्यायचा. मठातला संगणकही त्याच्याच हातचा. अंधशाळेतल्या मुलांसाठी त्यावर गोष्टी ध्वनिमुद्रित होत. मात्र गोष्ट जरा लांबली की मेमरी पुरत नसे आणि मशीन मध्येच गपगार होई. दुपारी शाळेची गाडी यायची होती, आणि शेवटची गोष्ट अजून अर्धीच होती.

म्हणून रखमाजीनं आपल्या घरच्या बंद संगणकातली पट्टी काढून आणली होती.

रखमाजी मठातला दुसरा शिष्य. सावकाश बोलणारा, अडखळत वाचणारा. पाठाला त्याच्या शेजारी बसायचं म्हटलं की प्रद्युम्नच्या कपाळाला आठी पडायची.

त्यांचे गुरू अच्युतबुवा यांनी विचारलं, “चालेल, की चालणारच नाही?”

“चालेलही. पिढी एकच आहे, खाच जुळते. पण आतली माझी पट्टी वेगवान आहे, बुवा. हिच्या संगतीत तिलाही हिच्याच चालीनं चालावं लागेल.”

“तिची तक्रार आहे?”

“कुणाची?”

“तुझ्या पट्टीची.”

प्रद्युम्ननं संगणकाची पेटी उघडली. रखमाजीची पट्टी आपल्या पट्टीशेजारच्या खाचेत घातली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

“बघा!” प्रद्युम्नच्या आवाजात दुःख नव्हतं. “मी म्हटलंच होतं. जमायचं नाही यांचं.”

रखमाजीनं मान खाली घातली. “राहू दे... नेतो मी परत.”

बुवा उठले. प्रद्युम्नच्या शेजारी येऊन बसले आणि शांतपणे त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

“बाळा, तू ती बसवलीस... की नुसती ठेवलीस?”

प्रद्युम्ननं आत पाहिलं. त्याच्या पट्टीचे दोन्ही चाप घट्ट मिटले होते. रखमाजीच्या पट्टीचा एक चाप उघडाच होता. हजारो पट्ट्या बसवलेल्या हाताकडून झालेली ही चूक... त्याचे कान तापले.

त्यानं वीज बंद केली. पट्टी काढली, पुसली, पुन्हा खाचेत धरली आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखाच जोर दिला.

कट्ट.

या वेळी पडदा उजळला. मेमरी वाढलेली दिसत होती.

उरलेली गोष्ट वाचायला रखमाजी माइकसमोर बसला. अडखळला, थांबला, पुन्हा सुरू झाला. मशीन एकदाही अडलं नाही. गोष्ट शेवटापर्यंत गेली. गाडी आली, आणि मुलांच्या गोष्टी घेऊन गेलीसुद्धा.

प्रद्युम्न पडद्यासमोरून हलला नव्हता. वेगाचा आकडा खाली आला होता, अगदी त्यानं सांगितलं होतं तसाच.

“चाललं खरं, बुवा,” तो म्हणाला, “पण माझं म्हणणंही खोटं नव्हतं. दोन्ही पट्ट्या हळू चालताहेत. माझ्या पट्टीचा वेग फुकट गेला.”

“फुकट?”

बुवा दारापर्यंत गेले होते. तिथंच थांबले.

“इतके दिवस एकटी धावत होती... पोचली होती कुठं?”