शेळीने निवडलेलं फूल

फार फार वर्षांपूर्वी, शेळ्या बोलायच्या आणि माणसं ऐकायची, तेव्हाची गोष्ट. हल्ली माणसं बोलतात आणि शेळ्यासुद्धा ऐकत नाहीत, ते असो.

एका राणीच्या खिडकीखाली हिरवळ होती. म्हणायला हिरवळ, रंग मात्र कडब्याचा. ऊन तिथे येऊन बसायचं ते सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं. उठायचं नावच नाही.

राणीने माळ्याला बोलावलं. "हे गवत काढ. जमिनीलगत फुलणारं काहीतरी लाव. पाडव्यापासून वर्षभर मी कधीही खिडकी उघडीन. एक दिवस जरी फूल दिसलं नाही, तर बागेतली झोपडी रिकामी कर."

त्या झोपडीत माळ्याचा आजा जन्मला होता.

त्या राज्यात रीत अशी, की अडलं तर ज्याचं पागोटं मोठं त्याला विचारायचं. माळी प्रधानाकडे गेला.

"तेरडा लाव," प्रधान म्हणाला. "श्रावणात आमच्या मळ्यात पाहिला, डोळे निवले."

"आणि वैशाखात, सरकार?"

"वैशाखात आम्ही डोंगरावर असतो."

राजपुरोहित म्हणाला, "शेवंती. मार्गशीर्षात काय फुलते!"

"आणि ज्येष्ठात?"

"ज्येष्ठात कोण बघतंय?"

"राणीसाहेब," माळी पुटपुटला आणि घरी आला.

भाकरी समोर ठेवून तो बोटांवर महिने मोजू लागला. कुठलंही फूल धरा, सात-आठ बोटं बोडकीच राहत.

"अहो, खाऊन मोजा," माळीण म्हणाली. "बोटं कुठे पळून जात नाहीत."

"झोपडी जाईल ना!"

तेवढ्यात मागच्या उकिरड्याजवळ बांधलेली कबरी शेळी ओरडली, "धनी, माझा खुंटा हलवा. वर्ष झालं, या कडू झुडपापुढे उभी आहे. रोज वाटतं, आज हे वाळेल आणि इथे काही गोड उगवेल. पण मेलं उन्हाळ्यात फुललं, पावसात फुललं, थंडीत फुललं. कुणी तांब्याभर पाणी घालत नाही, तरी फुलतंच."

माळ्याचा घास हातातच राहिला. रोज तो त्याच गुलाबी फुलांवर कचरा टाकत होता.

त्याने तीच रोपं खिडकीखाली लावली. शेंडे खुडून बुटकी ठेवली, तशी ती पसरली. प्रधान हसला, "राणीला उकिरडा दाखवतोस?" पण माळ्याने रोपं उपटली नाहीत. वर्षभर खिडकीची कडी वाजली, की तो हातातलं काम टाकून फुलं बघायला धावायचा.

वैशाखातल्या भर दुपारी खिडकी उघडली. फुलं होती. आषाढात होती, पौषात होती. पुढच्या पाडव्याला राणीने झोपडी माळ्याच्या नावे करून दिली. प्रधानाने हट्टाने आपल्या अंगणात लावलेला तेरडा मात्र दिवाळीलाच वाळून काड्या झाला होता.

त्या फुलाला लोक सदाफुली म्हणू लागले. शेळीचा खुंटा गोड गवतात हलला, आणि तिथे ती गवत ओलसर असल्याची तक्रार करू लागली.

तात्पर्य: बारा महिन्यांची खात्री हवी असेल, तर एक दिवस पाहून गेलेल्या मोठ्याला नव्हे, बारा महिने शेजारी राहिलेल्याला विचारावं.