आप्पांना बसवण्याची गोष्ट

"म्हण खोटी आहे, बाबा. म्हातारं माकड उड्या मारायचं सोडतंच, मी मोजलंय. मग आप्पांनी चालायचं का सोडू नये?" पुष्कराज म्हणाला.

आप्पा म्हणजे पुष्कराजचे वडील. या टेकडीवरच्या मठातच पुष्कराज लहानपणी अक्षरं गिरवायला शिकला. आता मोठा संशोधक झाला होता. माकडांच्या गळ्यात हालचाल नोंदवणारे पट्टे बांधून कोणत्या वयाचं किती हलतं, ते मोजायचा. पोरगं हुशार, यात वाद नाही. पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं.

मेघगिरी बाबा चुलीत लाकूड सारत होते. "किती माकडं मोजलीस?"

"सगळा कळप. वय वाढतं तशी हालचाल घटते. एकही अपवाद नाही."

"आणि आप्पा?"

"परवा विहिरीच्या वाटेवर पडले. तरी दुसऱ्या दिवशी काठी घेऊन निघाले. खुर्चीत बसवलं, तर म्हणतात, बाबांनी सांगितलं तरच बसेन. मला भीती वाटते, बाबा. पुन्हा पडले तर?... तुम्ही नुसतं 'बस' म्हणा. ते ऐकतील."

बाबांनी परातीत पीठ घेतलं.

"पट्टा आहे जवळ?"

पुष्कराजने पिशवीतून काढून दाखवला.

"घाल स्वतःच्या गळ्यात. आणि बस."

तो मांडी घालून बसला. मठाची रीतच आहे, बाबांनी बसवलं की बाबांनी म्हटल्याशिवाय उठायचं नाही.

बाबा निवांत भाकऱ्या थापत राहिले. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं. पुष्कराजची कंबर भरून आली. पायांना मुंग्या आल्या, मग त्याही कळेनाशा झाल्या. पण तोही आप्पांचाच मुलगा. हूं की चूं केलं नाही.

"ऊठ."

तो उठायला गेला, आणि भिंत धरून पुन्हा खाली बसला. पाय आपले नव्हतेच जणू.

"काय मोजलं रे पट्ट्यानं?"

"काहीच नाही, बाबा. मी हललोच नाही..."

"वय किती तुझं?"

"एकतीस."

बाबांनी हात देऊन त्याला उभं केलं. दोन पावलं चालवलं. हात सोडला नाही.

"सांग आता. बापाला 'बस' म्हणू?"