मोकळाईचा पाचवा वाटा

ऐक माते मोकळाई, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, मन ठिकाणावर ठेवा, कहाणी पुरी होईपर्यंत उठू नका.

एक नगर होतं, आटपाट वसलेलं. नगराला वेस होती, वेशीबाहेर कुस्तीचं मैदान होतं. त्या नगरात शेवंता नावाची बाई राहत होती. तिचा नवरा केरबा. केरबाची भोंग्याची रिक्षा होती. कुठं सर्कस आली, कुठं साड्या स्वस्त झाल्या, उद्या नळाला पाणी येणार नाही, ते गावभर ऐकवत फिरायचं, असा त्यांचा धंदा. ऐकवायचं ते शेवंता आधी घरी बोलून ठेवी. एका खोलीच्या भिंतींना तिनं गोधड्या टांगल्या होत्या, बाहेरचं कुत्रं आत ऐकू येऊ नये म्हणून. तिच्याजवळ एक माईक होता, एक लॅपटॉप होता. लॅपटॉपच्या पोटात एसएसडी होती. एसएसडी म्हणजे साठवणीची डिस्क. ती फिरत नाही, गुरगुरत नाही, गुपचूप असते. शेवंता बोले ते सगळं तिच्यात जाऊन राही.

शेवंता कामाला चोख, पण तिला टाकवत काही नसे. सर्कस निघून गेली तरी सर्कशीची जाहिरात तशीच. लग्नाच्या मंगलाष्टका लोकांनी कधीच्या नेल्या, तरी तिच्याकडं तशाच. एक ओळ चुकली, पुन्हा म्हटली, चुकलेलीही तशीच. केरबा म्हणे, "हे कशाला?" ती म्हणे, "असू दे. लागलं म्हणजे?"

असं करता करता डिस्क काठोकाठ भरली. मग लॅपटॉप उघडेना. उघडला तर चालेना. चालला तर मधेच बसे. गिऱ्हाईक दारात उभं राही, कंटाळे, दुसरीकडं जाई. चुलीवर आधण ठेवायचं आणि आत घालायला काही नाही, असे दिवस आले.

मग काय झालं? खंडेनवमी आली. शेवंता हळद आणायला बाजारात चालली होती. वाटेत टायपिंगची खोली लागली. आत बायका जमल्या होत्या. त्यांनी यंत्रं पुसली होती, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मधे पाट मांडला होता. पाटावर तांदळाच्या पाच मुठींची जागा आखली होती. चार जागी तांदूळ होते, पाचवी जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेलाच बायका हळदकुंकू वाहत होत्या.

शेवंता उंबऱ्याशी थांबली. म्हणाली, "बायांनो, हा कसला वसा वसता?"

त्यांच्यात अनसूयाबाई म्हणून वडीलधारी होत्या. त्या म्हणाल्या, "मोकळाईचा. पण तुला सांगून उपयोग काय? चार दिवस बरे येतील, तू चढून जाशील, घेतलेलं सोडून देशील."

"चढणार नाही, सोडणार नाही. मला सांगा."

"मग ऐक. डिस्कचे मनातल्या मनात पाच वाटे करावे. चार वाटे भरावे. पाचवा मोकळा ठेवावा. अगदीच अडलं तर दहांत एक वाटा तरी मोकळा असावा, त्याहून कमी होऊ देऊ नये. दर अमावास्येला झाडलोट करावी. जपायचं ते दुसऱ्या डिस्कवर काढावं, नको ते पुसावं, कचरापेटीही रिकामी करावी. पुसलेलं या डिस्कवरून सहसा परत मिळत नाही, म्हणून आधी बघावं, मग पुसावं."

शेवंता म्हणाली, "जागा असून भरायची नाही, असं का?"

"अगं, ही काही पाटी नव्हे, पुसली की लगेच लिहायला. ही आधी जुनं उचलते, दुसरीकडं ठेवते, जागा धुऊन घेते, मगच नवं लिहिते. उचललेलं ठेवायलाच जागा नसली तर काय करील बिचारी? तेवढ्यातल्या तेवढ्यात उचलठेव करत राहील. दमेल, थांबेल, लवकर झिजेल."

शेवंतानं पाटाला हात लावला, वसा घेतला, घरी आली. नको ते पुसलं, पाचवा वाटा मोकळा केला. मग लॅपटॉप चटकन उघडू लागला. मग गेलेली गिऱ्हाइकं परत आली. मग शेजारच्या गावांतून माणसं विचारत आली, भोंग्यावर बोलते ती बाई कुठं राहते? केरबानं रिक्षाला नवा रंग दिला. शेवंतानं खोलीला दार बसवलं. घरात दोन्ही वेळा चूल पेटू लागली.

मग निवडणूक आली. या पुढाऱ्याची जाहिरात, त्या पुढाऱ्याचं गाणं, तिसऱ्याचं भाषण. काम मावेना. केरबा म्हणाला, "अगं, चार खोल्यांत दाटीनं राहायचं आणि पाचवीला कुलूप लावायचं, असं कुणी करतं का? जागा काय पूजा करायला दिलीय?"

शेवंता म्हणाली, "वसा आहे."

"वसा अडचणीच्या वेळी घेतात. आता कुठं अडचण आहे?"

शेवंतालाही ते पटलं. तिनं पाचव्या वाट्यात थोडं ठेवलं. काही झालं नाही. आणखी थोडं ठेवलं. काही झालं नाही. मग सगळाच भरला. अमावास्या आली आणि गेली, झाडलोट राहिली. खंडेनवमीला यंत्राला हार घातला, पण टायपिंगच्या खोलीत ती गेली नाही. म्हणाली, "कामाचा रगाडा आहे, पुढच्या वर्षी जाऊ."

त्याच नगरात सर्जेरावनाना राहत होते. मैदानात कुस्त्या लागल्या की नाना बोलत. कोण कुठला पैलवान, कुणाचा पठ्ठ्या, कुणी कुणाला कोणत्या डावावर धरलं, सगळं त्यांच्या तोंडून. नानांचा आवाज वेशीपर्यंत जाई. त्यांची बायको सोनाबाई. ती कधी मैदानात गेली नाही, पण घरात बसून तिला कुस्ती कळे.

त्या नानांच्या घशात गाठ झाली. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, तुमचा हा आवाज राहणार नाही." सोनाबाई खाली बसली. नाना बसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती दिवस आहेत?" डॉक्टर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात." नाना म्हणाले, "मग मला बोलून घेऊ द्या."

नाना शेवंताकडे आले. म्हणाले, "पोरी, माझं बोलणं धरून ठेव. पुढं मी मोबाईलवर बोट लावीन, तो माझ्या आवाजात बोलेल. जमेल का?"

शेवंता म्हणाली, "का नाही जमणार?"

नाना पहिल्या दिवशी बसले. घरात लागतं ते बोलले. पाणी दे, भूक नाही, दार लोट, औषध घेतलं, दुखत नाही. लॅपटॉपवर लाल रेघ आली, जागा संपत आली म्हणून. शेवंतानं ती बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी बसले. भावकीची नावं घेतली, दुकानदाराशी बोलायचं बोलले, देवाचं म्हटलं. लॅपटॉप थबकू लागला. शेवंता म्हणाली, "मावेल." तिसऱ्या दिवशी बसले. लेकीला दिवस गेले होते. होणाऱ्या नातवंडाला सांगायच्या गोष्टी नानांनी सांगितल्या, मैदानातली आरोळी दिली. आरोळी देताना गळ्याची शीर तटतटली. लॅपटॉप मधेच थांबला, पुन्हा चालला. नाना घाम पुसत म्हणाले, "आलं का सगळं?" शेवंता म्हणाली, "आलं." नाना दवाखान्यात दाखल झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता ऐकायला बसली. पहिल्या दिवसाचं धड होतं. दुसऱ्या दिवसाचं मधे मधे तुटलं होतं, भावकीतली निम्मी माणसं गळाली होती. तिसऱ्या दिवसाचं उघडेचना. एकदा केलं, दोनदा केलं, तीनदा केलं. उघडलं नाही. नानांची शस्त्रक्रिया उद्यावर आली होती.

ती तशीच उठली, टायपिंगच्या खोलीत गेली. अनसूयाबाईंनी तिच्या तोंडाकडं बघितलं.

"वसा टाकलास?"

"टाकला."

"मोकळाईच्या बसायच्या जागी काय मांडलंस?"

"पुढाऱ्यांची गाणी."

"निवडणूक होऊन किती दिवस झाले?"

शेवंता उंबऱ्यातच बसली. मग म्हणाली, "गेलेलं परत येईल का, बाई?"

"डिस्कनं ते लिहूनच घेतलं नाही. परत कुठून येणार?"

शेवंता रडू लागली. अनसूयाबाई म्हणाल्या, "रडायला पुष्कळ दिवस आहेत. माणूस अजून बोलतोय ना? जा, आधी जागा कर."

शेवंता घरी आली. केरबाला हाक मारली. दोघं समोरासमोर बसली. ज्यांचं काम अजून न्यायचं होतं, त्यांचं घरात पडून असलेल्या जुन्या, फिरणाऱ्या डिस्कवर काढलं. निवडून आलेल्या पुढाऱ्याचं गाणं पुसलं, पडलेल्याचंही पुसलं. केरबा एकदा म्हणाला, "हे राहू दे, चाल चांगली आहे." शेवंतानं ते पुसलं.

तरी पाचवा वाटा पुरा होईना. राहिली होती शेवंताची स्वतःची गाणी. लग्न होऊन आल्यापासून ती दुपारची एकटी गात असे. कुणाला ऐकवलं नव्हतं. एकच गाणं पुष्कळ वेळा म्हटलेलं, कधी श्वास चुकला, कधी सूर चढला, सगळी तिनं ठेवली होती. तिनं त्यातलं एक लावलं. ऐकलं. केरबा म्हणाला, "हे तू म्हटलंस?" ती म्हणाली, "हो." ते एक तिनं जुन्या डिस्कवर काढलं, बाकीची पुसली. कचरापेटी रिकामी केली. मग लॅपटॉप चालू ठेवून दोघं घटकाभर हात न लावता बसली. डिस्कनं आपली आपण आवराआवर केली.

मग शेवंतानं भिंतीवरच्या गोधड्या काढल्या, रिक्षात टाकल्या. केरबानं रिक्षा हाणली. दुपार कलायच्या आत दोघं दवाखान्यात पोचली.

नाना खाटेवर बसले होते. जवळ सोनाबाई मोसंबं सोलत होती. शेवंता पायाशी उभी राहिली. म्हणाली, "नाना, मी घोटाळा केला. तिसऱ्या दिवसाचं सगळं गेलं. दुसऱ्याचं निम्मं गेलं. मी आलं म्हणून सांगितलं, तेव्हा मी बघितलंच नव्हतं."

सोनाबाईच्या हातातली सुरी थांबली. नानांनी पाय खाटेखाली सोडले. मग म्हणाले, "पाठ टेकली का?"

"काय, नाना?"

"पैलवान खाली आला म्हणजे कुस्ती संपत नाही. पाठ टेकली म्हणजे संपते. माझी अजून टेकली नाही. लाव तुझं यंत्र."

नर्स म्हणाली, "डॉक्टरांनी फार बोलायला मना केलंय." नाना म्हणाले, "फार नाही बोलत. नीट बोलतो." नर्सनं खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, गोधड्या टांगायला दोरीही दिली. खाटेभोवती आडोसा झाला. नाना बोलू लागले. आवाज घोगरा झाला होता, आरोळी आता वेशीपर्यंत गेली नसती. पण लॅपटॉप थांबला नाही, शब्द गळला नाही. भावकी झाली, नातवंडाच्या गोष्टी झाल्या. एकेक झालं की शेवंता ते लावून ऐके, मगच पुढं जाई.

शेवटी नाना म्हणाले, "झालं. मी मनात धरलं होतं तेवढं सगळं झालं."

शेवंता म्हणाली, "नाना, जागा आहे अजून. काही राहिलं असेल तर बोला."

नाना विचारात पडले. मग सोनाबाईला म्हणाले, "तू जरा चहा पिऊन ये."

सोनाबाई म्हणाली, "मला नको चहा."

"मला सांगायचंय ते तुझ्यासमोर सांगवत नाही. जा."

ती गेली. नाना शेवंताला म्हणाले, "आमच्या हिला हाक मारायची राहिली. जन्मभर मारली, म्हणून ध्यानात आली नाही." त्यांनी घोटभर पाणी घेतलं. मग म्हणाले, "अगं, ऐकलंस का?" एकदा रागानं म्हटलं. एकदा लाडानं म्हटलं. मग म्हणाले, "आता एकदा उगीच म्हणतो. काम नसलं तरी मी मारतो कधी कधी." आणि एकदा उगीच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. जीव राहिला, आवाज गेला.

नाना घरी आले. दिवाळी तोंडावर आली होती. शेवंतानं त्यांचे सगळे बोल मोबाईलवर घालून दिले होते, पण नानांनी त्याला अजून बोट लावलं नव्हतं, मोबाईल उशाशी पडून होता. हातानं खूण करत, मान हलवत, गप्प बसत. एके सकाळी सोनाबाई आत चकल्या तळत होती. घरात तेलाचा आवाज तेवढा होता. नानांनी मोबाईल घेतला, बोट लावलं.

"अगं, ऐकलंस का?"

"आले, आले!" सोनाबाई म्हणाली. झारा हातात घेऊनच बाहेर आली. उंबऱ्यात आली आणि तिला आठवलं. ती तिथंच उभी राहिली. नाना तिच्याकडं बघत होते.

ती म्हणाली, "काय पाहिजे?"

नानांनी मान हलवली, काही नको.

"काही नको तर हाक कशाला मारता? चकल्या करपतायत माझ्या." असं म्हणून ती आत गेली. पदरानं तोंड पुसलं आणि कढईजवळ बसली. नानांनी पुन्हा बोट लावलं. ती आतूनच म्हणाली, "ऐकलं हो!"

शेवंतानं वसा पुन्हा घेतला, मोडला नाही. पुढं नवी डिस्क घेतली तिचेही पाच वाटे केले. खंडेनवमीला टायपिंगच्या खोलीत जाऊन बसू लागली. जी नवी बाई उंबऱ्याशी थांबे, तिला तिनं वसा सांगितला.

जशी मोकळाई शेवंतावर रुसली तशी कुणावर न रुसो. जशी सोनाबाईला हाक ऐकू आली तशी तुम्हां आम्हां साऱ्यांना आपल्या माणसाची हाक ऐकू येवो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, ऐकणारीला फळली, सांगणारीला फळली, इथं पुरी झाली. अक्षता वाहा.