शेटजींच्या स्वयंपाकघरातली फरशी

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे मुरारशेट नावाच्या व्यापाऱ्याने नवं घर बांधायला काढलं. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं. राहिली ती स्वयंपाकघराची फरशी.

म्हातारा येसाजी पाथरवट म्हणाला, “शेटजी, इथे टाकी मारलेला खरबरीत दगड बसवू. चुलीपुढे पाणी सांडतं, तेल सांडतं. दगड पाय धरून ठेवणारा हवा.”

“खरबरीत दगड गोठ्यात घाल,” शेटजी हसले. “माझ्या घरात सगळीकडे संगमरवरच बसेल. बघणाऱ्याला त्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे!”

दाराआडून सून गोदा हळूच म्हणाली, “मामंजी, बघणारे ओसरीवरून परत जातील. चुलीपाशी मला वावरायचंय.”

“तुला काय कळतं दगडातलं?” शेटजी गरजले. गोदा आत निघून गेली.

संगमरवर बसला. अख्खं गाव बघून गेलं. गोदा मात्र भिंतीला धरून चालू लागली. दोनदा ती पडता पडता वाचली. पण सांगणार कुणाला?

पुढे तिच्या लेकीचं उष्टावण आलं. बाहेर पंगत बसली. आत पुऱ्या तळून झाल्या होत्या, फरशीवर तेलाचे थेंब उडाले होते. “आमटी आणा!” शेटजींनी हाक दिली.

गोदाने उकळतं पातेलं उचललं. दोन पावलं टाकली, तोच समोर तिची लेक रांगत आत आली. गोदा थबकली आणि तिचा पाय सटकला. पातेलं पुढे कलंडलं. पडता पडता तिने सारं बळ लावून ते स्वतःकडे ओढलं.

किंकाळी ऐकून शेटजी धावले. पोर जागच्या जागी बसून रडत होती. तिला ओरखडाही नव्हता. गोदाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

दुसऱ्या दिवशी शेटजी येसाजीच्या दारात उभे राहिले. मान खाली होती. “दगड बदलायचाय. कुठला घालू, तूच सांग.”

“मला कशाला विचारता?” येसाजी म्हणाला. “सूनबाईंना विचारा.”

शेटजी घरी आले. गोदाच्या अंथरुणाशी बसले आणि त्यांनी विचारलं. तिने सांगितला तोच दगड बसला. पण तिच्या हाताची बोटं पुन्हा कधी पुरती मिटली नाहीत.

तात्पर्य : जिथे ज्याचे पाय राबतात, तिथली जमीन त्याला विचारूनच निवडावी.