जगाचं माप

रान होतं. रानाला राजा होता आणि राजाला हौस होती. सगळ्या रानांत आपलं नाव व्हावं, एवढीच. म्हणून सिंहमहाराजांनी फर्मान काढलं: माध्यमिक शाळेतल्या नागरिकशास्त्राला जागतिक परिमाण द्यावं. तपासणीत शाळा नापास झाली, तर बाईंची बदली काटेरी माळावर.

शाळा एकच आणि बाईही एकच, साळुंकीबाई. घरट्यात दोन पिल्लं, अजून पंख न फुटलेली. माळावर ना सावली ना पाणी. बाई शिक्षणाधिकारी तरसरावांकडे गेल्या.

"साहेब, परिमाण द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"

"अहो, परिमाण म्हणजे माप! जग मोजायचं. आणि आपल्या रानापेक्षा ते लहान भरलं पाहिजे, काय?"

बाईंनी चोचीत काडी धरून जग मोजायला घेतलं. टेकडीपाशीच दमल्या. तळ्यावर परदेशातून चक्रवाक उतरला होता, त्याला गळ घातली, "दादा, तुम्ही जग फिरलात. वर्गाला तुम्हीच सांगा."

तपासणीला खुद्द महाराज आले.

"पाहुणे, आमच्या रानापुढे जग केवढंसं?"

"मोजलं नाही बुवा," चक्रवाक म्हणाला. "पण उत्तरेला एक रान पाहिलं. तिथं राजासुद्धा पाणवठ्यावर रांग लावतो."

आठवीतली ससुली टुणकन उठली. "मग बाई, आपल्याकडे महाराजांचं पिऊन झाल्यावर चिखलच का उरतो?"

"ए, खाली बस!" तरसराव खेकसले.

बाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि माळावर काड्या कुठं मिळतील, याचा विचार सुरू केला.

"बसवता कशाला? छान विचारलंन!" चक्रवाक म्हणाला. "महाराज, पुढं मला सात रानं फिरायचीत. तुमच्याबद्दल काय सांगू?"

सात रानं ऐकून महाराजांची आयाळ फुलली. "सांगा, रांग ही तर मुळात आमचीच प्राचीन परंपरा!"

आणि भर दुपारी महाराज पाणवठ्यावर रांगेत उभे राहिले. ससुलीच्या मागे. ससुली सावकाश प्यायली. मग तोंड पुसून पुन्हा प्यायली. हरणं घोषणा देत होती, "रांगेत कोण? महाराज, महाराज!"

शाळा पास झाली, बाईंची बदली टळली. चक्रवाक उडाला, तोवर सगळ्या आठवीला रांगेचा धडा तोंडपाठ झाला होता.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं: विद्यार्थ्यांवरचा बोजा कमी व्हावा, म्हणून यंदापासून अभ्यासक्रमातून जग वगळण्यात येत आहे.